हेलसिंकी ते तालिन : अंतर किती, वेळ किती?

दाभोळच्या जेटीवर उभे राहिले की खाडीपलीकडचे धोपावे अगदी समोर दिसते, परंतु फेरीबोट नसेल तर तेथे पोचण्यासाठी चिपळूणवरून भला मोठा वळसा घ्यावा लागतो. हे लहानपणापासून पाहत आल्यामुळे कोणी अंतर विचारले की मी आधी 'कशाने जाणार?' असे विचारतो. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता हेलसिंकीला शिकत असलेल्या भाचीकडे गेलो आणि तेथून एस्टोनियाची राजधानी तालिन पाहण्याचे ठरले, तेव्हाही माझा पहिला प्रश्न हाच होता.

ही दोन शहरे फिनलंडच्या आखाताच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली असून त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे 80 किलोमीटर आहे. जमिनीवरून जायचे तर सेंट पीटर्सबर्गमार्गे साडेसातशे किलोमीटरांच्या आसपासचा वळसा पडतो, आणि 2023 च्या अखेरीस फिनलंडने रशियाच्या सीमेवरील नाकी बंद केल्यामुळे तो विचारही करण्यात अर्थ नव्हता.

विमानाला सुमारे 35 मिनिटे लागतात. या मार्गावरचे पंख्याचे एटीआर विमान पूर्ण वेगात ताशी 500 किलोमीटरांच्या आसपास जाते, म्हणजे हिशेबाने दहा-बारा मिनिटे पुरायला हवीत. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते, आणि इतक्या थोड्या अंतरात विमानाचा बराचसा प्रवास वर चढण्यात व खाली उतरण्यातच संपतो. हेलसिंकीहून स्टॉकहोम सुमारे 400 किलोमीटर, म्हणजे पाचपट दूर आहे, तरीही तेथे तासाभरात पोचता येते. स्टॉकहोमचे घड्याळ एक तास मागे असल्यामुळे तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ जवळजवळ एकच दिसते, हे भाचीने दाखवल्यावर आमच्या सौभाग्यवतींना ते छापण्यातील चूकच वाटले. तालिनच्या बाबतीत हा घोटाळा नाही; दोन्हीकडे एकच वेळ चालते.

मग मी दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडला. हेलसिंकीचा विमानतळ शहराबाहेर वांता येथे असून मध्यवर्ती स्थानकातून लोकलने अर्धा तास लागतो. त्यात तपासणीसाठी दीड तास आधी पोचणे, उड्डाण आणि तालिनमध्ये शहरात जाणे धरले की तीन तास होतात. जहाजाला समुद्रावर दोन तास लागतात, बंदरावर अर्धा तास आधी पोचावे लागते, आणि पलीकडे धक्क्यावरून तालिनचे जुने शहर पायी वीस मिनिटांच्या आत येते. एकूण वेळ तेवढाच! लांबच्या विमानाने हेलसिंकीला उतरून सामान थेट तालिनपर्यंत जाणार असेल, तरच हे छोटे उड्डाण घेण्यात शहाणपण आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

आम्ही जहाजाने गेलो. मी बहुतेक वेळ वरच्या डेकवर उभा होतो, आणि किनारा नीट दिसू लागण्याआधीच संत ओलाफच्या चर्चचा 124 मीटर उंच मनोरा पाण्यावर उभा राहिलेला दिसला.