एक चकती बाहेर पडेपर्यंत

कोकोलिथोफोर म्हणजे समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात तरंगणारं एकपेशीय शैवाल. अंगभर कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या, एकमेकींच्या कडेत कडा अडकवून बसवलेल्या. या चकत्या म्हणजे कोकोलिथ. खडूचे पांढरेशुभ्र कडे बहुतांशी त्यांच्याच थरांचे बनलेले असतात, हे आपण वाचलेलं असतं. मला मात्र जिवंत पेशी आपल्या पोटात एक चकती घडवते आणि बाहेर काढते, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यात आठ महिने गेले.

या कुळातली सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली जात म्हणजे एमिलियानिया हक्सलेयी. पण तिची पेशी जेमतेम 5 मायक्रोमीटरची, साध्या प्रकाशात आतलं काही धड कळत नाही. म्हणून मी कोकोलिथस ब्रारुडी निवडली. ही कितीतरी मोठी, आणि एकेक चकतीच 10 मायक्रोमीटरच्या आसपास. 15 अंश तापमान, गाळून निर्जंतुक केलेलं समुद्राचं पाणी, थोडे नायट्रेट-फॉस्फेट आणि दिवस-रात्रीचं चक्र पाळणारा दिवा, एवढ्यावर कल्चर छान वाढलं.

पहिला धडा नमुने टिकवताना मिळाला. शैवाल मोजताना नेहमी वापरतो तसे मी ल्युगोलच्या आयोडीन द्रावणाचे थेंब टाकले आणि आठवड्याने मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी होत्या, अंगावर एकही चकती नाही. कल्चर बिघडलं असं वाटून मी दोन दिवस फ्लास्क तपासत बसले. कल्चर अगदी ठीक होतं. त्या द्रावणात आम्ल होतं, त्याने कवच विरघळवून टाकलं होतं. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पेशी फिल्टरवर घेतल्या आणि मीठ जावं म्हणून डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या. या वेळी चकत्या होत्या, पण कडा कुरतडल्यासारख्या. उघडं ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, एवढंही या नाजूक कडांना पुरतं. धुवायच्या पाण्यात अमोनियाचा अंश घातला तेव्हा कुठे पाकळ्यांसारखे रांगेत बसलेले कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचेच, स्फटिक शाबूत दिसले.

या दोन फजित्यांनंतर मला पेशीतला मूळ प्रश्न नीट कळला. चकती घडते ती गॉल्जी या पेशीतल्या बांधणी-पाठवणीच्या अंगकापासून निघालेल्या एका पुटिकेत, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशवीत. आत आधी एक सेंद्रिय खवला तयार होतो, त्याच्या काठावर स्फटिकांची कडी धरते, मग पुटिकेचं आवरण आणि शर्करांच्या लांब साखळ्या त्या स्फटिकांना वळण देत नेतात. हे कलाकुसरीचं काम सगळ्यांच्या नजरेत भरतं, माझ्याही भरलं होतं. खरी कसरत मात्र कच्च्या मालाची आणि कचऱ्याची आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण 10 मिलिमोलर, आणि पेशीद्रवात ते त्याच्या सुमारे लाखाव्या हिश्शावर ठेवावं लागतं, नाहीतर पेशीचे सगळे अंतर्गत संदेश कोलमडतील. एवढ्या कडक बंदोबस्तातून पुटिकेपर्यंत सतत कॅल्शियम पोचवायचं. आणि बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू झाला की एक प्रोटॉन, म्हणजे आम्लता वाढवणारा हायड्रोजनचा धनभारित कण, सुटतो. म्हणजे चुना बनवता बनवता पेशी स्वतःच्या पोटात आम्ल तयार करते, जे त्याच चुन्याचं वैरी! ते बाहेर टाकत राहिलं तरच काम चालतं. पेशीच्या पटलावर विद्युतदाबाने उघडणाऱ्या प्रोटॉन वाहिन्या असतात, हे 2011 मध्ये याच कोकोलिथसच्या पेशींवर दाखवण्यात आलं. अशा वाहिन्या तोवर प्राण्यांच्या पेशींत ओळखीच्या होत्या. शैवालाला त्यांचं काय काम, याचं उत्तर मला माझ्या कुरतडलेल्या चकत्यांत दिसत होतं.

आता जिवंत पेशी. आधी जुनं कवच उतरवायला हवं, नाहीतर आतली चकती दिसत नाही. आम्लाने ते झटक्यात उतरतं, पण आम्ल मला नकोच होतं. कॅल्शियमविरहित पाण्यात, उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए घालून, पेशी उघड्या केल्या आणि मग पुन्हा नेहमीच्या पाण्यात सोडल्या. तळाला पॉलिलायसिन या पेशी धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा पातळ लेप, म्हणजे पेशी जागची हलत नाही. पहिल्या तीन वेळा पेशी दिव्याच्या उष्णतेने मेल्या. दिवा मंद केला तर चकती बनेना, कारण या कामाला उजेड लागतो. शेवटी बशीखाली थंड पाणी फिरवून 15 अंश राखले आणि मध्यम उजेड ठेवला.

ध्रुवकं म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे गाळक. अशी दोन ध्रुवकं एकमेकांना काटकोनात धरली की सगळं क्षेत्र काळं होतं, फक्त कॅल्साइट उजळतं. दीड तास काहीच नव्हतं. मग पेशीच्या मध्याजवळ केसाएवढी बारीक उजळ कडी दिसली. ती जाड होत गेली, लंबगोल झाली, तिच्यावर काळी फुली उमटली. चकती पेशीच्या मानाने एवढी मोठी की हिरवी हरितलवकं बाजूला सरकल्यासारखी वाटत होती. मग ती काठाकडे गेली, पटल किंचित फुगलं, आणि ठरावीक वेळाने टिपलेल्या पुढच्या चित्रात ती बाहेर, पेशीच्या अंगाला चिकटून! मी ते चित्र किती वेळा मागेपुढे केलं ते सांगता येणार नाही.

सध्या एका बशीत पाण्याचा पीएच 8.1 वरून 7.6 वर आणला आहे. बाहेरच आम्लता वाढली की प्रोटॉन बाहेर ढकलणं अवघड होतं. परवा तिथल्या एका पेशीची पहिली चकती बाहेर आली. एका बाजूचे स्फटिक अर्धवट राहिले होते आणि काळी फुली वाकडी होती.