येताना ट्रकवालो जीपीएस हाड

आंब्याचा सीझन तोंडावर आला की देवगडहून मला दोन प्रकारचे फोन यायचे. एक, "तिकडे हापूसच्या पेटीला काय भाव?" आणि दुसरा, हल्ली वाढलेला, "येताना तो ट्रकवालो जीपीएस हाड." हाड म्हणजे आमच्या मालवणीत आण. हा दुसरा आमच्या बाब्याचा. बाब्या माझा आतेभाऊ. त्याची आयशर आहे, सीझनभर देवगड ते वाशी मार्केट. मी ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ५३ फुटी ट्रेलर ओढतो. व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्या केबिनमधला डबा, म्हणजे ट्रकसाठीचा जीपीएस, पाहिला आणि तेव्हापासून त्याने तो मनावर घेतला. त्यात गावातली एक-दोन पोरं कॅनडात ट्रकवर यायच्या तयारीत आहेत, त्यांचा प्रश्न "कुठला घेऊ?" सध्या सुट्टीवर घरी आहे, दुपारी पडवीत वेळही आहे, तर सगळ्यांना एकदमच सांगतो.

आधी तिकडे जाणाऱ्यांसाठी.

गूगल मॅप तुम्हाला गाडीवाला समजतो. तुमच्या मागे ५३ फूट लांब, साडेआठ फूट रुंद आणि १३ फूट ६ इंच उंच पेटारा आहे, भरल्यावर सगळं मिळून ३६ टनांच्या वर जातंय, हे त्याला सांगायची सोयच नाही. तो जवळचा रस्ता दाखवतो आणि त्या रस्त्यावर १२ फुटांचा रेल्वेपूल असतो. न्यूयॉर्ककडच्या पार्कवेंवर तर ट्रकना बंदीच आहे, कारण तिथले जुने दगडी पूलच बुटके. तरी कारचा जीपीएस लावून दरवर्षी कोणी ना कोणी आत शिरतोच.

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात असाच एक रेल्वेपूल आहे, ११ फूट ८ इंचांचा. ट्रकच्या टपाची साल काढण्यासाठी तो जगभर प्रसिद्ध आहे, कारण समोरच्या इमारतीवर कोणीतरी कॅमेरा लावून ठेवलाय. लुकलुकणारे दिवे लावून झाले, पुलाच्या आधी लोखंडी तुळई बसवून झाली. २०१९ मध्ये शेवटी पूलच ८ इंच वर उचलला, १२ फूट ४ इंच केला. तरी टपं सोलली जातातच! आमच्या ब्रिटिश कोलंबियातही पुलांना ट्रक थडकायचं प्रमाण इतकं वाढलं की २०२४ मध्ये सरकारने कायदा बदलून दंडाची कमाल मर्यादा एक लाख डॉलरवर नेली. आता रुपयांत हिशोब करा.

म्हणून ट्रकचा जीपीएस घेताना पैसे पडद्याचे मोजायचे नाहीत. आत नकाशात कुठल्या पुलाची उंची किती, कुठल्या रस्त्यावर किती वजन चालतं, कुठे ज्वलनशील मालाला बंदी आहे, ही जी माहिती भरलेली असते तिचे मोजायचे. उत्तर अमेरिकेत बहुतेकांच्या केबिनमध्ये गार्मिनची डेझल दिसते, काहींकडे रँड मॅकनॅली. युरोपात टॉमटॉमचं ट्रक मॉडेल चालतं. किंमत पडद्याच्या आकारावर, साधारण चारशे ते नऊशे अमेरिकन डॉलर. नवीन पोरं हमखास १० इंची घेतात. माझं मत विचाराल तर ७ किंवा ८ इंच पुष्कळ झाला. १० इंची काचेवर लावला की नेमकी उजव्या बाजूची सायकल त्याच्यामागे दडते.

डबा हातात आला की पहिलं काम म्हणजे ट्रकचं प्रोफाइल भरणं. उंची, लांबी, रुंदी, एकूण वजन, एक्सलवरचं वजन, माल कसला. हे न भरता निघालात तर नऊशे डॉलरचा डबासुद्धा कारचाच जीपीएस आहे. आणि ट्रेलर बदलला की प्रोफाइलही बदलायचं. कागदावरची उंची घालू नका, टेपने मोजा. त्यातही एक गंमत आहे. स्प्रिंगच्या चासीवरचा कंटेनर भरलेला असला की दबतो आणि माल उतरवला की वर उठतो. सकाळी ज्या पुलाखालून सुखरूप गेलात तोच पूल संध्याकाळी रिकाम्या गाडीला घासू शकतो. शिवाय पुलाखालच्या रस्त्यावर नव्याने डांबर पडलं तर तेवढी उंची कमी होते, पाटी मात्र जुनीच राहते. ब्रिटिश कोलंबियात उंचीची कायदेशीर मर्यादा ४.१५ मीटर. सीमा ओलांडून अमेरिकेत गेलात की पाट्या फूट-इंचांत. डब्यात दोन्ही माप बदलता येतात, ते आधी शिकून घ्या, चालू गाडीत नाही.

नकाशा डब्यातच साठवलेला हवा, हे दुसरं. होपवरून कॅमलूप्सला जाणारा कोकिहल्ला हायवे घ्या. माथा १,२४४ मीटरवर, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल ट्रकमध्ये बर्फात चाकांना घालायच्या चेन बाळगणं सक्तीचं. अशा डोंगराळ पट्ट्यांत मोबाईलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही. फोनमधलं ट्रकचं ॲपही वाईट नसतं, पण ते बहुतेकदा महिन्याच्या वर्गणीवर चालतं आणि नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर ऐन घाटात हात वर करतं. फोन हातात धरून बघायचा म्हणाल तर ३६८ डॉलर दंड आणि लायसन्सवर पॉइंट. डब्याचा खरा उपयोग मला उतारावर होतो. पुढे किती टक्क्यांचा उतार आहे, वळण किती धारदार आहे, हे आधी कळलं की गिअर माथ्यावरच पाडून घेता येतो. ब्रेक तापल्यावर पाटी वाचून काय उपयोग?

नकाशाचे अपडेट आयुष्यभर फुकट आहेत का, तेही विचारून घ्या. फुकट असले तरी ते वायफायवर तासन्‌तास चालतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी घरीच लावून टाका. कामाचे तास मोजणारं यंत्र वेगळं असतं, त्याची आणि जीपीएसची गल्लत करू नका, ते कंपनी देते. आणि एक कागदी ॲटलस ठेवाच. रँड मॅकनॅलीच्या ट्रकवाल्यांसाठीच्या ॲटलसमध्ये राज्यवार बुटक्या पुलांची यादी असते. आमच्या यार्डातले जुने पंजाबी ड्रायव्हर नव्या माणसाला आधी तो उघडायला लावतात, मग डबा.

आता बाब्या. मी माझा डबा मुद्दाम बरोबर आणला होता. सांगून त्याला पटलं नसतं. परवा त्याच्या आयशरमध्ये लावला. उपग्रह लगेच सापडले, पडद्यावर गाडीचा बाण आला, आणि बाणाखाली काहीच नाही. नकाशा कॅनडा, अमेरिका, मेक्सिकोचा. बाब्या दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, पण रस्तो खंय गेलो?"

बरं, उद्या कोणी भारताचा नकाशा घालून दिला तरी आमच्या वाडीचं काय? त्याच दिवशी माल भरायला एका बागेत गेलो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट, वर फणसाची फांदी आणि झोळ पडलेल्या विजेच्या तारा. क्लीनर टपावर चढला, सुका बांबू घेऊन एकेक तार उचलत होता आणि बाब्या पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने गाडी पुढे घेत होता. त्या तारेची उंची कुठल्या नकाशात येणार? ती पावसाआधी एक आणि पावसानंतर दुसरी.

कोकणातल्या ट्रकवाल्याचा खरा प्रश्न उंचीचा नाहीच, रस्ता आज चालू आहे का हा आहे. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला आणि गगनबावड्याची वाहतूक भुईबावडा, फोंडा या घाटांकडे वळली. पावसाळ्यात वरंधा घाट अवजड गाड्यांना बंद. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना मनाई, तिची अधिसूचना दरवर्षी नव्याने निघते, तारखा दरवर्षी वेगळ्या. आणि दरड काही अधिसूचना काढून येत नाही. हे सगळं बाब्याला कळतं ते ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि नांदगाव तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर. माझ्या डब्याला ते कळायला मार्ग नाही.

तेव्हा बाब्याला सांगितलं ते असं. फोन आहे तोच ठेव. देवगडपासून वाशीपर्यंतचा नकाशा वायफायवर असताना उतरवून ठेव. चांगला घट्ट स्टँड घे, तो कणकवलीत मिळतो, कॅनडातून कशाला? फोनने आतला शॉर्टकट दाखवला तर भरलेली गाडी घेऊन त्यात शिरायचं नाही, आधी क्लीनरला चालत पाठवायचं. परतीला गोव्याकडचं भाडं मिळालं तर कोलाडहून वेर्ण्यापर्यंत कोकण रेल्वेची रो-रो आहेच. १९९९ पासून ट्रक वाघिणीवर चढवून नेतात, डिझेल वाचतं आणि घाटातली वळणंही.

बाब्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरा. मगे पुढच्या टायमाक डॅशकॅम हाड." तो, म्हणजे काचेवर लावायचा कॅमेरा, आणेन. गडग्याला गाडी घासली की बागवाल्याशी भांडायला तरी कामी येईल.