लाईट जाऊन आल्यावर

लॅपटॉपला वायफाय सापडेनासं झालं की आमच्या अंबाजोगाईत त्याचे डॉक्टर गल्लोगल्ली भेटतात. निदान प्रत्येकाचं वेगळं, औषध मात्र सगळ्यांचं एकच : फॉरमॅट मारा. लॅपटॉप हळू चालायलाय, फॉरमॅट. प्रिंटर ऐकंना गेलाय, फॉरमॅट. या मंडळींवर माझा राग नाही. दुकानात पाच जण ताटकळत उभे असतात, त्यातल्या दोघांना पीकविम्याची शेवटची तारीख गाठायची असते. शिवाय फॉरमॅटचे पैसे मागता येतात. ‘नेमकं दुखतंय कुठं’ हे विचारण्याचे कोण देणार?

आणि वायफायच्या दुखण्यात तर विचारण्याचंच काम जास्त. नेटवर्कचं नाव यादीत दिसतच नाही, ही एक जात. नाव दिसतंय पण आत घेत नाही, ही दुसरी. जोडलं गेलंय, पट्ट्या भरलेल्या, तरी एक पान उघडत नाही, ही तिसरी. घरातली माणसं तिन्हींसाठी ‘नेट नाही’ एवढंच म्हणतात आणि ओसरीवर येऊन आभाळाकडं बघतात. का बघतात ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या घरात नेट जमिनीलगतच्या खांबावरून वायरीनं येतं.

शेजारच्या गुरुजींचा लॅपटॉप तिसऱ्या जातीतला. उन्हाळ्याची सुट्टीभर कपाटात पडलेला, जूनमध्ये शाळेची माहिती भरायला काढला, तर वायफाय जोडलं जाई पण जी साईट उघडावी ती ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेई. गुरुजी नवा राऊटर आणायला निघालेच होते. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर लॅपटॉप अजून मागच्या दशकात होता. आतला चपटा गोल सेल संपला की घड्याळ मागं जातं, आणि साईटची सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर चालतात. लॅपटॉपच्या हिशोबानं ती अजून निघालेलीच नव्हती, मग तो विश्वास कसा ठेवणार? तारीख नीट केली, काम झालं. सेल मात्र अजून बदललेला नाही. गुरुजी रोज सकाळी फळ्यावर तारीख टाकायच्या आधी लॅपटॉपवर टाकतात.

याच जातीतली आणखी एक खूण सांगून ठेवतो. जोडलेलं दिसतंय पण लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १६९.२५४ नं सुरू होतोय, तर समजावं की राऊटरनं पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपनं वाट बघून बघून आपल्या मनानं एक घेतलाय. मग ते नेटवर्क विसरायला लावायचं, पासवर्ड पुन्हा टाकायचा, राऊटर एकदा बंद करून चालू करायचा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

छळते ती पहिली जात. यादीत नावच नाही म्हटल्यावर भांडायचं तरी कुणाशी? जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं एक बारकं सरकतं बटण असायचं, पिशवीतून काढताना ते सरकायचं आणि वायफाय मरायचं. आता ते वरच्या रांगेत गेलंय, विमानाच्या चित्राचं. आमच्याकडं विमानात बसायची वेळ क्वचित येते, पण घरातली लेकरं त्या चित्रावर बोट ठेवल्याशिवाय राहत नाहीत.

बटणाचा दोष नसला तर वायरीचा असू शकतो. एका दुकानात उघडलेला लॅपटॉप मी जवळून बघितलाय. वायफायचं कार्ड खालच्या भागात, पण त्याचा अँटेना वर, पडद्याच्या चौकटीत दडवलेला. तिथून दोन वायरी, एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीच्या पोटातून खाली येतात. त्यांच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी गोल सोनेरी टिकली. कारागीर ती नखानं कार्डावर बसवतो, नीट बसली की बारीक टक् वाजतं. तिरपी बसली तर वाजत नाही आणि जोर केला तर चेपते. झाकण उघड-मीट करून वायर बिजागरीत चुरगळली किंवा टिकली सुटली, की लॅपटॉप राऊटरला चिकटून बसेल तरच नेट, दुसऱ्या खोलीत गेला की गायब. याला फॉरमॅट काय करणार!

आता आमच्या घरचं प्रकरण. भाद्रपदात महालक्ष्म्यांना भाची आली ती लॅपटॉप घेऊनच. सण आमचा, सुट्टी तिच्या साहेबांच्या हातात. साहेब अमेरिकेत, लॅपटॉपही तिकडूनच पाठवलेला. सकाळी बैठकीत बसून तिचं काम छान चाललं होतं. दुपारी पावसाची सर आली आणि रीतीप्रमाणे लाईट गेली. थोड्या वेळानं आली. फोनवर वायफाय आलं, टीव्हीवर आलं. लॅपटॉपच्या यादीत अख्खी गल्ली हजर होती, कुणाचं ‘साईकृपा’, कुणाचं ‘फुकट्यांनो लांब राहा’. आमचंच नाव तेवढं नव्हतं.

लगेच पंचायत बसली. समोरचे तात्या म्हणाले, लाईटीच्या झटक्यानं कार्ड उडालं असणार. मेव्हण्यांनी फॉरमॅटचा शब्द काढला तशी भाची लॅपटॉप छातीशी धरून मागं सरकली. ‘मामा, कंपनीचा लॅपटॉप आहे. साधं घड्याळ बदलायचीसुद्धा परवानगी नाही मला यात.’ तिनं तिच्या परीनं सगळं करून बघितलं होतं. पूर्ण बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. हा उपाय ऐकायला मांत्रिकाचा वाटतो, पण आत राहिलेली वीज निघून गेली की कधीकधी रुसलेलं कार्ड खरोखर उठतं. इथं उठायला ते झोपलेलंच नव्हतं.

आईचं मत वेगळं. ‘ते मशीन देवीच्या मागं कोंबलंय ना तुम्ही, मग कसं दिसंल?’ यात तथ्य होतं. आमच्या महालक्ष्म्यांच्या कोठ्या पत्र्याच्या, वर जरीच्या साड्या, आणि राऊटर बरोबर त्यांच्या पाठीशी. धातू वायफायच्या लहरी अडवतो हे आईनं कुठं वाचलेलं नाही. आपली देवी कुणाला सहजासहजी ओलांडू देत नाही, एवढं तिला ठाऊक. स्थापना झालेल्या देवीला हलवता येत नाही म्हणून राऊटर हलवला. फोनची एक पट्टी वाढली. लॅपटॉप तसाच.

तेवढ्यात बाहेरच्या खांबावर पावसानं लोंबकळलेली वायर बांधायला फायबरचं काम करणारा पोरगा आला होता. आमच्या कामाला नव्हता आला, मीच हाक मारली. दारात उभ्या उभ्याच त्यानं विचारलं, ‘काका, ताईच्या फोनचा हॉटस्पॉट लावा बरं. लॅपटॉपमध्ये दिसायलाय का?’

दिसत होता. जोडलाही गेला.

‘मग कार्ड चांगलंय की. कशाला फॉरमॅट मारता?’

मला हा पोरगा तिथंच आवडला. लॅपटॉपला हात न लावता त्यानं निम्मा संशय पुसून टाकला होता. मग त्यानं आपल्या फोनवर एक ॲप उघडलं. त्यात गल्लीतलं प्रत्येक वायफाय म्हणजे एक रंगीत कमान. खाली चॅनेलचे आकडे : १ वर कमानींवर कमानी, ६ वर तशाच, ११ वर तर पाय ठेवायला जागा नाही. आणि पार उजव्या टोकाला, १३ वर, आमची कमान एकटीच.

वायफायचा जुना पट्टा २.४ गीगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून तर राऊटर लावायला कुणाच्या सहीची गरज लागत नाही. या पट्ट्यात आपल्याकडं १ ते १३ अशी चॅनेल वापरता येतात. चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर, पण प्रत्येकाला पसरायला साधारण वीस लागतात. त्यामुळं शेजारी शेजाऱ्याच्या अंगणात येणारच. एकमेकांना धक्का न लावता बसणारं नेहमीचं त्रिकूट म्हणजे १, ६ आणि ११, म्हणून सगळा गाव तिथं गर्दी करतो. अमेरिकेत मात्र रोजच्या वापरात चॅनेल ११ वरच थांबतात. तिकडच्या नियमानं बांधलेला लॅपटॉप बारा-तेराकडं कान देत नाही. त्याच्या लेखी तिथं कुणी राहतच नाही.

आमचा राऊटर स्वस्तातला, फक्त २.४ वाला, आणि चॅनेल ‘ऑटो’वर. लाईट जाऊन आली की आख्ख्या गल्लीचे राऊटर एकदमच उठतात आणि जो तो मोकळी जागा शोधतो. सकाळी आमचा अकरापर्यंतच कुठंतरी बसला होता, तोवर भाचीचं काम सुरळीत. दुपारी उठल्यावर त्याला तेरावर ऐसपैस जागा दिसली, त्यानं शहाण्यासारखी ती धरली. चूक कुणाची म्हणावी? राऊटरनं भारताचा कायदा पाळला, लॅपटॉपनं अमेरिकेचा. दोघंही आमच्या बैठकीत बसून आपापल्या सरकारशी इमान राखून होते.

पोरानं राऊटर उपडा केला, तळाच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड वाचला, फोनच्या ब्राऊझरमध्ये राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ टाकला, ‘ऑटो’ काढून ६ केलं. राऊटरचे दिवे विझले, परत लागले. भाचीच्या यादीत आमचं नाव ‘साईकृपा’च्या खाली येऊन बसलं. तात्या म्हणाले, ‘मी म्हणलोच होतो, लाईटीमुळंच झालंय.’ आणि त्यांचं खोटं म्हणता येईना.

पैसे विचारले तर पोरानं मान हलवली. आईनं मग त्याला बसवूनच घेतलं. ज्वारीची आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्यांतल्या त्यानं नको म्हणेपर्यंतच्या भाज्या. जेवता जेवता मी आमचं जुनं गाऱ्हाणं काढलं : बैठकीत नेट आहे, मागच्या माळवदात थेंब नाही.

माळवद म्हणजे आमच्या घराचा सगळ्यात थंड भाग. दगड-मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर लाकडाची पाटई आणि त्यावर मातीचा थर. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना आत पांघरूण घेऊन झोपता येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तिकडं अशाच जड दगड-मातीच्या भिंतींखाली माणसं गेली, आणि आमच्या भागातही कित्येकांनी माळवदं उतरवून स्लॅब टाकले किंवा पत्रे घातले. आमच्या वडिलांनी ठेवलं. त्यांचं बरोबर की चूक हा वाद घरात अजून मिटलेला नाही, पण ज्या भिंती ऊन आत येऊ देत नाहीत त्या वायफायला का म्हणून देतील? पत्र्याच्या घराची तक्रार निराळी : तिथं लहर बाहेरून आत येत नाही, आतलं आत मात्र घुमतं.

पोरानं हात धुतल्यावर माळवदाच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली. ‘ह्याला राऊटर बदलून काय होत नाही काका. वायरच ओढा.’

‘भिंतीला भोक पाडायचं नाही,’ आई आतून म्हणाली.

मग छतातल्या झरोक्यातून वायर सोडायचं ठरलं. त्याच्याच गाडीच्या डिकीत उरलेलं केबल होतं. वर चढून त्यानं ते खाली सोडलं, टोकाला चौकोनी पारदर्शक क्लिप ठोकली आणि भाचीच्या हातात दिली. भाचीनं लॅपटॉप या बाजूनं फिरवला, त्या बाजूनं फिरवला. कागदासारख्या पातळ त्या लॅपटॉपला ती क्लिप जाईल असं भोकच नव्हतं. आता यासाठी एक छोटा कन्व्हर्टर लागतो, तो गावात मिळाला नाही, ऑनलाईन मागवला तर येईपर्यंत महालक्ष्म्याही गेलेल्या आणि भाचीही.

त्यामुळं उरलेलं काम तिनं बैठकीतच केलं, दोन्ही देवींच्या समोर पाट टाकून. रात्री उशिरा तिची मीटिंग सुरू झाली. आई समया उजळायला आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, ‘एवढं सगळं इंग्रजीत बोलायलीस देवीसमोर. आरती तरी मराठीत म्हण म्हणजे झालं.’

भाचीनं घाईघाईनं माईक बंद केला. तो आधीपासून चालूच होता.