कोल्हापूर–मुंबई विमानाने: अंतर ३०८ किलोमीटर, पण वेळ किती धरायचा?

उजळाईवाडी (कोल्हापूरचं विमानतळ) ते मुंबईचं जुनं विमानतळ, हे हवाई अंतर साधारण ३०८ किलोमीटर, म्हणजे १६६ नॉटिकल मैल. महामार्गाने तेच पावणेचारशेच्या पुढं जातं.

हा आकडा साध्या कॅल्क्युलेटरवर निघतो. कोल्हापूर विमानतळाचे अक्षांश १६.६६५, रेखांश ७४.२८९, मुंबईचे १९.०८९ आणि ७२.८६८. अक्षांशांतला फरक २.४२४, त्याला १११ ने गुणा (एका अंशाचे साधारण तेवढे किलोमीटर) : २६९. रेखांशांतला फरक १.४२१, त्याला मात्र १०६ ने गुणायचं, कारण विषुववृत्तापासून वर येईल तसा रेखांशाचा अंश आखडत जातो : १५१. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. झालं. दिल्लीसारख्या लांबच्या गावाला ही सपाट रीत चालवू नका, तिथं पृथ्वीची गोलाई धरणारं हॅव्हरसाइन सूत्रच हवं.

चुका ठरलेल्या. १६ अंश ४० मिनिटं म्हणजे १६.६७, ते १६.४० असं लिहिलं की विमानतळ थेट तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. दुसरी चूक चुकीचा विमानतळ धरण्याची. हैदराबादचं बेगमपेट नव्हे, शमशाबाद धरा (कोल्हापूरहून सुमारे ४४५ किलोमीटर). गोव्याला दाबोळी की मोपा हे आधी बघा. मुंबईलाही आता नवी मुंबई धरून दोन विमानतळ आहेत, आणि नवी मुंबई आपल्याला वीसेक किलोमीटर जवळ पडते.

वेळेचं गणित इथं फसतं. बऱ्याच वेबसाइट अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून वर अर्धा तास मिळवतात. उत्तर येतं ५३ मिनिटं. हा वेग जेटचा. पंख्याचं एटीआर ७२ विमान असेल तर ते ताशी पाचशेच्या घरात उडतं, म्हणजे नुसतं अंतर कापायलाच ३७ मिनिटं. त्यात चढताना-उतरताना वेग कमी, आणि सरळ रेघेऐवजी ठरलेल्या मार्गाने जायचं. ताशी ४० किलोमीटरचा समोरचा वारा असला तरी फरक जेमतेम तीन मिनिटांचा, त्यामुळं छोट्या पल्ल्यात वाऱ्याची चर्चा फुकटची. खरा वेळ मुंबई खाते : आभाळात घिरट्या, उतरल्यावर टॅक्सी-वेवर (धावपट्टीवरून थांब्याकडं जायच्या वाटेवर) रांग. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून ती तासाच्या पुढं दिसते. कंपनीने ती उगीच फुगवलेली नसते.

घरापासून मोजायचं तर सायबर चौक, शाहू नाका करत उजळाईवाडीला अर्धा तास धरा. बॅग द्यायची असेल तर काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. उतरल्यावर बॅग मिळायला वीस मिनिटं, पुढं मुंबईची वाहतूक. एवढं धरून कमीत कमी चार तास. पावसाळ्यात ढग खाली असले, धावपट्टी दिसेना, की विमान दुसरीकडं वळवतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईहून पुढचं विमान त्याच दिवशी असेल तर मध्ये पाच-सहा तास ठेवा, नाहीतर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा.