पाझोच्या हॉलबाहेरचं ग्वांगझो

कॅन्टन फेअरला, म्हणजे ग्वांगझोच्या (जुनं नाव कॅन्टन) पाझो भागात भरणाऱ्या आयात-निर्यात प्रदर्शनाला जाणाऱ्या बऱ्याच मंडळींचं ग्वांगझो तीन ठिकाणी संपतं: हॉटेल, प्रदर्शनाचा हॉल आणि रात्री डाळ-रोटी मिळणारं भारतीय हॉटेल. पाच दिवस पाय झिजवून, पिशवीभर कॅटलॉग घेऊन माणूस परत येतो आणि सांगतो, 'तिकडे खायचे फार हाल.' खरं तर चीनमध्ये खाण्यासाठी ज्या शहराचं नाव आधी घेतलं जातं, ते हेच. आपलं घड्याळ तिथल्या घड्याळाशी जुळत नाही, एवढीच अडचण असते.

फेअर १९५७ पासून भरते, वर्षातून दोनदा. वसंतातली १५ एप्रिलला सुरू होते, शरदातली १५ ऑक्टोबरला. दोन्हींचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा पाच दिवसांचा. पहिल्यात यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स, हार्डवेअर, दिवे. दुसऱ्यात घरगुती वस्तू, भेटवस्तू, बांधकामाचं सामान. तिसऱ्यात कापड, कपडे, खेळणी. दोन टप्प्यांच्या मध्ये तीन-तीन दिवस हॉल बंद असतो, कारण स्टॉल बदलायचे असतात. दोन टप्पे करणाऱ्यांना हे दिवस आयतेच मिळतात. एकच टप्पा करणाऱ्याने आपली वेळ हॉलच्या वेळेतून काढावी. हॉल साडेनऊला उघडतो आणि सहाला बंद होतो, म्हणजे सकाळचे दोन तास आणि संध्याकाळनंतरचं सगळं आपलं. पैकी सकाळ जास्त मोलाची. लोक नेमकी तीच हॉटेलच्या फुकट बुफेवर घालवतात.

शहर कितीही अवाढव्य असलं तरी मेट्रोची ८ नंबरची लाइन पाठ केली की निम्मं काम झालं. प्रदर्शनासाठी या लाइनवर शिनगांगदोंग आणि पाझो अशी दोन स्टेशनं आहेत. त्याच गाडीने पश्चिमेकडे गेलात की कल्चरल पार्क, ह्वालिन मंदिर आणि छेन घराण्याचं पूर्वजगृह ही स्टेशनं गाडी न बदलता लागतात. म्हणजे जुनं ग्वांगझो, ज्याला लीवान म्हणतात, थेट हॉलला जोडलेलं आहे. तिकीट २ युआनपासून सुरू होतं (१ युआन म्हणजे साधारण १२ रुपये). प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रे मशीनमधून जाते, त्यामुळे सॅम्पल म्हणून मिळालेला चाकू किंवा कटर जवळ असेल तर तो तिथेच अडतो. सहा वाजता हॉल सुटला की शिनगांगदोंगच्या तोंडाशी पंढरपूरच्या वारीइतकी दाटी होते. सात वाजेपर्यंत आतच चहा घेत बसावं, नाहीतर चालत पाझो स्टेशन गाठावं.

आता सकाळ. कॅन्टोनीज लोक न्याहारीला 'यम छा' म्हणतात, शब्दशः 'चहा पिणं'. चहा निमित्त, खरं काम बांबूच्या छोट्या टोपल्यांमधून येणाऱ्या पदार्थांचं, म्हणजे डिमसमचं. लीवानमधलं ताओताओज्यू १८८० पासूनचं, ग्वांगझो रेस्टॉरंट १९३५ पासूनचं. दोन्ही ह्वालिन मंदिर स्टेशनपासून चालत जाण्याजोगी. शनिवार-रविवारी तिथे आजी-आजोबांचा राबता असतो. ते लवकर येतात, वर्तमानपत्र उघडतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. आठच्या आत पोहोचलात तर ठीक, नऊनंतर नंबर घेऊन बसून राहा.

बसल्यावर पहिला प्रश्न चहाचा येतो. पुअर काळा, मातकट चवीचा आणि तेलकट खाण्यावर उत्तम. तिएग्वानयिन हलका, सुगंधी. चहा नको असेल तर शेवंतीच्या फुलांचा काढा. चहाचे पैसे माणशी लागतात, किटलीमागे नाही. बिलावर ती वेगळी ओळ दिसली की फसवलं असं समजू नका. न मागता आलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचेही पैसे लागू शकतात. नको असतील तर हात न लावता परत द्यायचे. पहिल्या पाण्याचा चहा प्यायचा नाही. त्याने वाटी, कप आणि चॉपस्टिक्स विसळून पाणी मोठ्या भांड्यात ओतायचं. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं. वेटर हाक न मारता गरम पाणी भरून जातो. कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलके टिचकावायचं, तो 'आभारी आहे'. ही एक खूण जमली तर चिनी पार्टीचा चेहरा खुलतो, आणि भाव करण्याआधी तेवढं बरंच असतं.

मागवायचं काय? मांसाहार चालत असेल तर कोळंबीची पारदर्शक पुरचुंडी, नाव 'हा गाव', ती आधी. त्याचं आवरण गव्हाच्या स्टार्चचं असतं, निवलं की चिवट होतं, म्हणून टोपली येताक्षणी खावं. मग सिउ माई (डुकराचं मांस आणि कोळंबी) आणि छा सिउ बाव (गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा पाव). छेउंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाची वाफवलेली गुंडाळी. उकडीच्या मोदकाची पारी ज्याला आवडते त्याला ती लगेच ओळखीची वाटेल. दोघांत चार-पाच टोपल्या पुरतात. एकदम दहा मागवल्या तर सगळं एकाच वेळी येतं आणि निम्मं गार होतं. दोन-दोन करून सांगा.

शाकाहाऱ्यांनो, इथे नीट लक्ष द्या. 'व्हेज' हा शब्द कामाचा नाही. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस असतो, टोफूत खिमा असतो, वांग्यात खिमा असतो, सूपचं पाणी कोंबडीचं किंवा हाडांचं असतं. मुळ्याच्या वड्या, म्हणजे लुओबोगाओ, दिसायला निष्पाप. पण आत चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी घालतात. 'मांस नको' म्हटलं तर वेटर मांसाचे तुकडे वगळून तोच रस्सा आणेल आणि त्याच्या लेखी त्याने तुमचं ऐकलं. म्हणून फोनवर चिनी लिपीत चार ओळी तयार ठेवा: मांस नको, मासे-कोळंबी नको, ऑयस्टर सॉस नको, मांसाचं पाणी आणि डुकराची चरबी नको. अंडं चालत नसेल तर पाचवी ओळ. तोंडी सांगायचं तर 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी. पण सूर चुकला की अर्थ जातो, लिहिलेलं बरं. बिनसारणाचा छेउंग फन, सोयाचं दूध, टोफूची गोड खीर, लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सूप, तिळाची काळी लापशी यांवर सकाळ छान निघते.

दुपार-रात्रीसाठी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं शोधावीत. मोठ्या मंदिरांच्या आसपास ती असतात. तिथे मांस, अंडं तर नाहीच, पण परंपरेने कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना हे मोठं सुख. मात्र कमळकाकडी, बटाटा, गाजर आणि अळंबी भरपूर असतात, ते मात्र विचारूनच. 'बदक' किंवा 'मासा' असं नाव दिसलं तर दचकू नका, ते सोया नाहीतर मैद्याच्या ग्लुटेनचं असतं. खिचडीवाचून जीव कासावीस झालाच तर टाओजिन आणि शियाओबेई भागात भारतीय हॉटेलं आहेत; मेट्रो ५ नंबरची.

चहा झाल्यावर हॉलला जाण्याआधी ह्वालिन मंदिरात वीस मिनिटं पुरतात. दक्षिण भारतातून समुद्रमार्गे आलेला बोधिधर्म इथेच उतरला अशी परंपरा आहे. तेव्हा नदी इथपर्यंत होती, आता भराव पडून किनारा दूर गेला. आत पाचशे अर्हतांचं दालन आहे आणि भोवती जेडचा बाजार. जेड कळत नसेल तर फक्त बघा.

छेन घराण्याच्या वास्तूला मात्र दीड तास हवा, तोही उजेडात. १८९४ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत छेन आडनावाच्या अनेक कुळांनी वर्गणी काढून बांधली. परीक्षेसाठी शहरात येणाऱ्या आपल्या मुलांची सोय, हाही एक हेतू. छपराच्या कण्यावर रंगीत मातीची अख्खी नाटकं मांडली आहेत, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. आत लोककला संग्रहालय आहे, तिथलं कॅन्टन भरतकाम चुकवू नका. पारशी घरांत जपून ठेवलेल्या 'गारा' साड्यांवरचं फुलापक्ष्यांचं रेशीमकाम याच भरतकामाच्या परंपरेतलं.

मुंबईचा धागा इथे खरोखर जाड आहे. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाराला चीनचं हे एकच बंदर मोकळं होतं, आणि नदीकाठच्या 'तेरा हाँग' वखारींत मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन येत. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या वाऱ्या करून जी संपत्ती मिळवली, तिच्यातून पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली. त्या संपत्तीतला अफूचा वाटा आपण सहसा बोलत नाही. या शहरात उभं राहून तो विसरता येत नाही. वखारी १८५६ मध्ये जळाल्या. ती जागा आज कल्चरल पार्कच्या परिसरात येते, आणि पार्कमध्ये तेरा हाँगचं संग्रहालय आहे. तिथून पश्चिमेला चालत गेलं की शामियान बेट: वखारी गेल्यावर ब्रिटिश-फ्रेंचांनी वसवलेलं, वडासारख्या झाडांचं, गाड्यांचा गोंगाट नसलेलं. संध्याकाळी सातनंतर जावं. दिवसा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांमुळे वाट मिळत नाही.

मोकळा दिवस असेल तर २ नंबरच्या मेट्रोने युएशिउ पार्कला उतरून प्राचीन नानयुए राज्याच्या राजाचं थडगं बघा. १९८३ मध्ये पायाभरणीच्या खोदकामात सापडलं. रेशमी धाग्यांनी जोडलेलं जेडचं वस्त्र, आणि त्याच कबरीत पर्शियन धाटणीची चांदीची डबी. दोन हजार वर्षांपूर्वीही हे व्यापाराचंच गाव होतं. संग्रहालयाची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी, पासपोर्ट बरोबर ठेवावा. ६०० मीटरच्या कॅन्टन टॉवरवर चढण्यापेक्षा समोरच्या ह्वाछेंग चौकातून तो बघणं स्वस्त आणि सुंदर. वर गेलात की नेमका टॉवरच दिसत नाही.

कारखानदाराने जेवायला बोलावलं तर गोल टेबलावर दाराकडे तोंड करून यजमान बसतो आणि मुख्य पाहुणा त्याच्या उजवीकडे. स्वतः खुर्ची निवडू नका. आधी सूप येतं, तासन्‌तास उकळलेलं. त्याचं कौतुक केलं की यजमान खूश. उत्तर चीनइतका दारूचा आग्रह इथे नसतो. चहाचा कप उचलून 'यी छा दाय जिउ', म्हणजे दारूऐवजी चहा, म्हटलं की मानतात. एक बाजू संपली तरी मासा उलटू नये, होडी उलटते असं दर्यावर्दी मानतात. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत. फळांची ताटली आली म्हणजे बैठक संपली. टीप देत नाहीत.

पैशांचं काम निघण्याआधी घरीच उरका. अलीपे या चिनी पेमेंट ॲपमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ओळख पडताळून घ्या. तिथे पोहोचल्यावर ओटीपी आला नाही तर फेरीवालाही पैसे घेऊ शकत नाही. २०० युआनवरच्या व्यवहाराला ३ टक्के आकार लागतो. त्याच ॲपमध्ये मेट्रोचा कोड आणि टॅक्सीही मिळते. व्हॉट्सॲप, जीमेल हॉटेलच्या वाय-फायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. आणि एकच प्रवेश असलेल्या व्हिसावर 'जरा हाँगकाँगला जाऊन येतो' असं करू नका. हायस्पीड ट्रेन तासाभरात पोहोचवते, पण तो चीनमधून बाहेर पडल्याचा शिक्का असतो आणि उरलेल्या मीटिंगा हाँगकाँगमधून फोनवर कराव्या लागतात.

निघायच्या आदल्या रात्री लीवानच्या एखाद्या दुधाच्या दुकानात जियांगझुआंगनाय मागा. वाटीत ताज्या आल्याचा रस असतो, त्यावर उंचावरून गरम, पण उकळतं नसलेलं म्हशीचं दूध ओततात. आल्यातल्या एन्झाइममुळे ते काही मिनिटांत खरवसासारखं थरथरतं घट्ट होतं. दूध फार गरम असेल तर एन्झाइम मरतं, निवलेलं असेल तर पाणीच राहतं. शेजारचं शुआंगपीनायही घट्ट असतं, पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. आल्याच्या वाटीचं पार्सल मागू नका. हिंदकळलं की पाणी सुटतं. तिथेच उभ्या-उभ्या चमच्याने खा.