हळू बोला, झाड ऐकतंय

वादळानं झाडाची एक बाजू खाली आणली तेव्हापासून दुपारी चहा घेऊन उभं राहिलं की नजर त्या बेचक्यावरच जाते. फाटलेल्या जागी पांढरं लाकूड दिसेल असं वाटलं होतं, तर आत चक्क काळपट साल! म्हणजे ती दोन जाड खोडं इतकी वर्षं एकमेकांना खेटून उभी होती पण जोडलेली कधीच नव्हती, मधे साल दबत गेली आणि वारा फक्त निमित्त झाला. (कोणाला काही जोडपी आठवली असतील तर मी जबाबदार नाही.)

मग सल्ले सुरू. मुळापासून काढा, नाहीतर जखमेला रंग फासा. या रंगाची मला भयंकर चीड आहे. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, ते खराब भाग आतल्या आत बंद करून टाकतं आणि कडेनं नवीन लाकूड चढवत नेतं, यात डबा घेऊन आपण मधे कशाला? त्यापेक्षा कापताना नीट कापा. लोंबणारी फांदी आधी खालून थोडी, मग जरा पुढे वरून, म्हणजे पडताना खोडाची साल सोलत नेत नाही, आणि उरलेला खुंट बुडाशी जो फुगीर कडा असतो ना, त्याच्या बाहेरून. कडा राखायचा, जखम तिथूनच मिटते.

आजोबा रोज संध्याकाळी आमचा झोका सोडून ठेवायचे, आम्ही रडून गोंधळ घालायचो. दोरीखालच्या सालीवर अंगठा फिरवत म्हणायचे, वळ उठलाय बघ, उद्या पलीकडे बांधू. तेव्हा वाटायचं आमच्यापेक्षा फांदीचेच लाड जास्त.

अर्ध्याहून जास्त पालवी शाबूत आहे, त्यामुळे झाड जगेलही. तरी नवीन रोपाचं आत्ताच बघायला हवं, मोठं व्हायला वर्षं जातात. खड्डा रुंद घ्यायचा पण खोल नाही, बुंध्याचा पसरट भाग मातीवर दिसला पाहिजे, पाचोळा खोडापासून लांब. काठी बांधायचीच तर सैल, वाऱ्यात हललं की खोड जाड होतं. हे सगळं मी आईला अंगणात सांगत होतो तर ती म्हणाली, अरे त्याच्यासमोर नको बोलूस. मी हसलो, आणि आवाज खाली आणला.

तिला रोप त्याच जागी हवंय. पण ती जागा अजून रिकामी कुठेय? बघू.