काचेपासून दीड मिलिमीटर

फ्रेमच्या दुकानात फोटो दिला की दुकानदार माप घेता घेता विचारतो, "माउंट टाकायचा का?" माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसणारा, मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा. आपण विचारतो, "त्याने किती वाढतील?" तो आकडा सांगतो आणि माउंट राहून जातो. समास सोडायची आपली सवय वहीपुरतीच. भिंतीवर आलो की देव, आजोबा, लग्नातलं जोडपं, सगळे काचेला नाक लावून उभे. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीसुद्धा जुन्या घरांत अशाच दिसतात. काही हौशी घरांत तर देवीला खरी जर चिकटवलेली, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात उरलीसुरली फटही भरून काढलेली.

दिसायला हे वाईट नाही. पण आपल्याकडे पावसाळा असतो. भिंत गार, घरातली हवा दमट, काचेला आतून ओल धरते. फोटोच्या जुन्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो ओलीने फुगतो, चिकट होतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. आजोबांच्या फेट्यावर जो ओलसर चकचकीत डाग दिसतो आणि कितीही पुसला तरी जात नाही, तो हाच. काच ओढून काढायला जावं, तर फेटा काचेबरोबर येतो. माउंटचं पहिलं काम शोभेचं नव्हेच, फोटो काचेपासून लांब ठेवण्याचं. त्यासाठी जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा पुरतो.

हा पुठ्ठा घरी कापता येतो, आणि मला त्यात शब्दकोडं सोडवण्याइतकी मजा येते. लोखंडी पट्टी, गुण्या, टोकदार पेन्सिल, पातं तिरकं धरणारा हातातला कटर आणि खाली एक रद्दी पुठ्ठा, एवढ्यावर काम होतं. आखायचं मागच्या बाजूने, कापायचंही मागूनच. खिडकी फोटोपेक्षा चारही बाजूंनी तीनेक मिलिमीटर लहान ठेवायची, नाहीतर फोटो त्यातून सरळ बाहेर येतो. पातं ४५ अंशांत असं तिरकं हवं, की त्याचं टोक खिडकीच्या बाहेरच्या बाजूला जाईल. मग पुठ्ठा उलटला की खिडकीच्या कडेने ती पांढरी तिरपी रेघ उमटते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. पातं उलटं झुकलं तर रेघ मागे जाते आणि पुढून खिडकी नुसती कातरल्यासारखी दिसते.

खरी गंमत कोपऱ्यात आहे. काप तिरका असल्यामुळे पुढच्या बाजूचा कोपरा मागच्या रेघेच्या थोडा पलीकडे पडतो. किती पलीकडे? ४५ अंशांत साधारण पुठ्ठ्याच्या जाडीएवढा. म्हणून रेघ संपली तरी पातं तेवढं पुढे न्यावं लागतं. जास्त गेलं तर दर्शनी बाजूला फुलीसारखा चरा, कमी गेलं तर मधला तुकडा कोपऱ्यात अडकून राहतो. अशा वेळी तो तुकडा ओढायचा नाही. सुटं ब्लेड त्याच तिरक्या फटीत सरकवून उरलेले दोन धागे कापायचे. ओढलं की पुठ्ठ्याची साल निघते. आणि खालची बाजू वरच्यापेक्षा सेंटीमीटरभर रुंद ठेवायची. चारही बाजू मोजून सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. डोळ्याला पट्टीचं गणित पटत नाही.

पुठ्ठा मात्र आम्लमुक्त मागून घ्यावा. स्वस्तातल्या पुठ्ठ्यात लाकडाचा लगदा असतो. काही वर्षांत त्याची ती पांढरी रेघ चहाच्या रंगाची होते आणि फोटोवरही तपकिरी चौकोन उमटवते.

फोटो मागे कशाने लावायचा, ह्यावर माझं मत ठाम आहे: चिकटपट्टीने कधीच नाही. चारही बाजूंनी तर नाहीच, कारण दमट हवेत कागद पसरतो आणि जागा मिळाली नाही की पोटाशी फुगतो. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या पुरतात. जगभरच्या संग्रहालयांत त्या लावायला गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पुढे कधी पाण्याने सोडवता येते. गव्हाचा स्टार्च म्हटलं की महागडी डबी डोळ्यांपुढे येते, पण गहू भिजवून, वाटून, चोथा पिळून खाली बसलेला कुरडयांचा चीक म्हणजे दुसरं काय? फक्त मीठ-हिंग पडायच्या आधी वाटीभर मागून घ्यायचा आणि पातळ शिजवायचा. उन्हाळ्यात कुरडया घालणाऱ्या बायकांमध्ये वाटी घेऊन उभं राहायला थोडी भीड सोडावी लागते, इतकंच.

आत्याला तिच्या लग्नाचा फोटो असा करून दिला. चारी बाजूंनी चांगला अडीच इंच फिका पांढरा माउंट, मध्ये पोस्टकार्डाएवढे ती आणि काका. तिने फ्रेम लांब धरून पाहिली, जवळ घेऊन पाहिली आणि म्हणाली, "छान झालंय रे. आणि बरं झालं एवढी जागा सोडलीस. कडेने नातवंडांचे पासपोर्ट फोटो बसतील."